उड्डाणापूर्वीची चेकलिस्ट ४६ मुद्द्यांची झाली आहे. काय ठेवावं, काय काढावं?

चारपाती

नमस्कार मंडळी,

आमची दोघांची जोडी आहे. एकाच्या हातात रिमोट, दुसऱ्याची नजर ड्रोनवर आणि आजूबाजूला. यंत्रं दोन आहेत. एक घडीचा तयार कॅमेरा ड्रोन. दुसरा मोजणीसाठी बांधलेला सहा मोटरींचा हेक्साकॉप्टर, सहा सेलच्या लिपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) चालणारा, आर्डूपायलट हे उड्डाण-नियंत्रणाचं सॉफ्टवेअर घातलेला.

चेकलिस्ट मात्र दोन्हींची एकच. मॅन्युअलमधले मुद्दे, इकडून तिकडून वाचलेले मुद्दे असं जमत जमत ती ४६ वर गेली. वरचे दहा-बारा मुद्दे नीट बघितले जातात, आणि खाली जावं तसं बघणं कमी होऊन टिक मारणं वाढतं. ही सवय धोक्याची आहे, म्हणून विचारतो:

१. घरी काय उरकायचं आणि जागेवर काय, ही वाटणी कशी करावी?
२. "बॅटरी ठीक", "जीपीएस ठीक" याऐवजी आकडे लिहायचे तर कोणते?
३. कंपास (दिशा सांगणारा सेन्सर) प्रत्येक नव्या जागी कॅलिब्रेट करायचा, म्हणजे नव्याने जुळवायचा का? दोन्ही टोकांची मतं वाचली आहेत.
४. वर उचलल्यावर लगेच होव्हर करून (हवेत एका जागी तरंगत ठेवून) बघणं खरंच लागतं का?
५. कागद की मोबाइल?

---

मोजणीदार

४६ मुद्दे तपासायला हरकत नाही. एका दमात, एकाच जागी उभं राहून तपासायला हरकत आहे. यादीचे तुकडे विषयावरून पाडू नका, वेळेवरून पाडा. आदल्या दिवशी टेबलावर काय बघायचं, जागेवर पोचल्यावर बॅटरी लावण्याआधी काय, बॅटरी लावल्यापासून आर्म करेपर्यंत (मोटरी फिरायला मोकळ्या करेपर्यंत) काय, आणि हवेत पहिल्या अर्ध्या मिनिटात काय. प्रत्येक तुकड्याचं वेगळं कार्ड करा. आर्म करण्याआधीच्या कार्डावर दहाच्या वर ओळी गेल्या तर ते कार्ड वाचलं जाणार नाही असं धरून चाला.

कोणता मुद्दा कुठे जाईल हे ठरवायला एक प्रश्न पुरतो: हे चुकलं तर हवेत गेल्यावर सुधारता येईल का? मेमरी कार्ड राहिलं तर उतरून घालता येतं, नुकसान दहा मिनिटांचं. प्रॉप (पंखा) उलट्या दिशेचा बसला तर जमीन सोडतानाच ड्रोन पलटी खातो. बॅटरीची कडी अर्धवट लागली असेल तर ते हवेतच कळतं, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून मेमरी कार्ड आदल्या दिवशीच्या यादीत. प्रॉप, कडी, होम पॉइंट (ड्रोन आपोआप परत येतो ती नोंदलेली जागा) आणि परतीची उंची (ज्या उंचीवरून तो परत येतो ती) शेवटच्या कार्डांवर, दर वेळी, अपवाद नाही.

आता लिहिण्याची पद्धत. "बॅटरी तपासली?" याचं उत्तर न बघताही "हो" असं देता येतं. "सर्वांत कमी सेल किती?" याचं उत्तर बघितल्याशिवाय देताच येत नाही. प्रत्येक ओळ अशी लिहा की उत्तर आकडा असेल, दिशा असेल किंवा हात लावून केलेली कृती असेल. तुम्ही दोघं आहात ही मोठी सोय आहे. निरीक्षकाने ओळ वाचायची, पायलटने बघून मोठ्याने उत्तर द्यायचं, आणि उत्तर कानावर येईपर्यंत वाचणाऱ्याने पुढे जायचं नाही. दोघांनी मिळून स्क्रीनकडे बघत "हं, हं" करण्याला तपासणी म्हणत नाहीत.

व्यत्ययाचा नियम कार्डावरच छापा: मध्ये फोन आला, कोणी काही विचारलं, तर त्या कार्डाच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा. "आपण सहाव्या ओळीवर होतो ना?" या प्रश्नाला जागाच ठेवायची नाही. कार्ड सहा-सात ओळींचं असेल तर पुन्हा सुरू करायला अर्धं मिनिट लागतं आणि कोणी कुरकुर करत नाही. लहान कार्डाचा खरा फायदा इथे आहे.

विमानांच्या जगातही चेकलिस्ट नवशिक्यांसाठी आली नाही. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंग मॉडेल २९९ कोसळलं. चालवणारे अनुभवी वैमानिक होते, पण जमिनीवर उभं असताना वाऱ्याने नियंत्रण-पृष्ठभाग हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहिलं होतं. त्यानंतर वैमानिकांसाठी लेखी यादी आली. आणि यादी असूनही काय होतं ते १६ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइटला दिसलं. नॉर्थवेस्ट विमान कंपनीचं २५५ क्रमांकाचं उड्डाण फ्लॅप (उड्डाणाच्या वेळी पंखांची उचल वाढवणाऱ्या पट्ट्या) न उघडता निघालं. टॅक्सी करतानाची चेकलिस्ट विमानात होती, ती वापरली गेली नाही. फ्लॅप उघडले नसल्याचा इशारा देणारा भोंगाही वाजला नाही, कारण त्या यंत्रणेला वीजपुरवठाच पोचत नव्हता. ॲप लाल खूण दाखवेलच या भरवशावर राहणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचावं.

कागद की मोबाइल याचं उत्तर: कागद. जाड, लॅमिनेट केलेला, रिमोटच्या पेटीच्या झाकणाला आतून लावलेला. बहुतेक वेळा मोबाइल हाच ड्रोनचा स्क्रीन असतो, आणि चेकलिस्ट उघडायला उड्डाणाचं ॲप मागे टाकावं लागणं ही उलटी गोष्ट आहे.

---

वायरमन

मोजणीदारांनी रचना सांगितली. मी हाताने तपासायच्या वस्तूंचं सांगतो, कारण "प्रॉप बघितले" यात नक्की काय बघायचं हे फार कमी याद्यांत लिहिलेलं असतं.

प्रॉप उजेडाकडे धरा आणि पुढच्या कडेवरून नख फिरवा. डोळ्यांना न दिसणारा खाच नखाला लागतो. टोकाजवळचा लहान ओरखडा चालून जातो. पण नख अडकेल एवढा खाच असेल तर पातं बदला, घासून गुळगुळीत करत बसू नका. त्याने तोल बिघडतो आणि कंपन वाढतं. खरी भीती मुळाशी असते, पातं हबला मिळतं तिथे. प्लास्टिकच्या पात्यावर तिथे पांढुरकी रेघ दिसली तर प्लास्टिक ताणलं गेलंय आणि पुढची पायरी तडा आहे. असं पातं जागेवरच मोडून टाका, म्हणजे चुकून पुन्हा पेटीत जाणार नाही. कार्बन फायबरचं पातं हलकं वाकवून कानाजवळ धरा. बारीक करकर आली तर आतले थर सुटले आहेत.

घडीच्या ड्रोनवर एका मोटरीची दोन्ही पाती एकदम बदलायची. एक जुनं आणि एक नवं अशी जोडी तोलात बसत नाही. बिजागरीचे स्क्रू घट्ट हवेत, पण पातं बोटाने सहज फिरलं पाहिजे. अडकणारं पातं पूर्ण उघडत नाही, आणि ड्रोन सुरुवातीपासून थरथरतो.

चार मोटरींच्या ड्रोनवर तिरप्या समोरासमोरच्या मोटरी एकाच दिशेने फिरतात. तयार ड्रोनवर पाती आणि मोटर यांना जुळणाऱ्या खुणा असतात, कुठे रंगाची रिंग, कुठे अक्षर. त्या जुळवा, आणि मग प्रत्येक प्रॉप वर ओढून बघा. हेक्सावर तुमच्याकडे नायलॉन घातलेले नट असतील तर लक्षात ठेवा की ते पुन्हा पुन्हा काढून लावले की पकड सोडतात. हाताने शेवटपर्यंत फिरणारा नायलॉक नट फेकून द्यायचा.

मोटर बोटाने फिरवा. चुंबकाचे ठोके सर्व मोटरींना सारखे लागले पाहिजेत. खरखर लागली तर वाळू गेली आहे किंवा बेअरिंग गेलं आहे. मोटरीचं बाहेरचं फिरतं कवच (घंटा) धरून बाजूला हलवून बघा, शाफ्टला खेळ नको. उतरल्यावर सर्व मोटरींना हात लावा. एकच मोटर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर पुढचं उड्डाण नाही, आधी कारण शोधा.

आता बॅटरी. साध्या लिपो सेलचे आकडे: पूर्ण भरलेला ४.२० व्होल्ट, ठेवून देताना सुमारे ३.८. जास्त व्होल्टेजच्या प्रकारात भरलेला सेल ४.३५ पर्यंत जातो, म्हणून आपल्या पॅकवर काय छापलंय ते बघून कार्डावर आकडा लिहा. साध्या लिपोसाठी मी हे पाळतो:

उड्डाणाआधी सर्वांत कमी सेल ४.१ च्या वर. सेलमधला फरक ०.०३ च्या आत असेल तर उत्तम, ०.१ च्या वर गेला तर तो पॅक आज उडणार नाही.
पूर्ण भरलेला पॅक होव्हरमध्ये पहिल्याच मिनिटात सेलमागे ३.७ च्या खाली गेला तर उतरा. भार पडल्यावर एवढा बसणारा पॅक आतून म्हातारा झालाय किंवा थंड आहे.
उतरून दहा मिनिटं विसावल्यावर सेल ३.७ च्या खाली नको.

थंडीत आतला रोध वाढतो, त्यामुळे स्क्रीनवर ९० टक्के दिसत असतानाही भार येताच व्होल्टेज कोसळतो. पॅक २० अंशांच्या आसपास ऊबदार असताना लावा, आणि वर गेल्यावर मिनिटभर होव्हर करून तो स्वतः तापू द्या. गोठणबिंदूखालच्या पॅकला चार्जरला कधीच जोडू नका. आत धातूरूप लिथियम साचतं, आणि ते नुकसान भरून येत नाही.

तयार ड्रोनच्या स्मार्ट बॅटरीबद्दल एक गोष्ट सुटते. काही दिवस न वापरता पडून राहिली की ती स्वतःहून थोडी रिकामी होते, सेल टिकावेत म्हणून. त्यामुळे "गेल्या आठवड्यात फुल केली होती" हे उत्तर नाही. जागेवर बटण दाबून दिवे मोजायचे.

फुगलेला पॅक सपाट टेबलावर ठेवला की डुलतो. घडीच्या ड्रोनमध्ये तो खाचेत पूर्ण बसत नाही, कडी लागल्यासारखी वाटते आणि लागलेली नसते. म्हणून कडीची तपासणी तीन प्रकारे करा: आवाज ऐका, कडेने बोट फिरवून फट आहे का बघा, मग बॅटरी ओढा. हेक्सावर दोन पट्टे, आणि पॅक कुठवर सरकवायचा त्याची टेपने खूण. खूण नसेल तर गुरुत्वमध्य दर वेळी बदलतो आणि एका बाजूच्या मोटरी कारण नसताना राबतात. कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्या असतील, खड्डे दिसत असतील तर तो बदला. तिथे रोध वाढून उष्णता साचते.

---

उंचसखल

कंपास आणि घरवापसी (ड्रोनने आपोआप होम पॉइंटला परत येणं) याबद्दल लिहितो. माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत.

दर नव्या जागी कॅलिब्रेट करू नका. कॅलिब्रेशन म्हणजे "इथलं चुंबकीय वातावरण हेच प्रमाण" असं ड्रोनला शिकवणं. ती जागा लोखंडाजवळ असेल तर तुम्ही चूक शिकवता, आणि ती चूक पुढच्या सर्व जागांवर सोबत नेता. ॲपने मागितलं, शेकडो किलोमीटर दूर आलात, किंवा ड्रोनवर नवं काही बसवलं, तेव्हाच करा. तेही मोकळ्या मैदानात, खिशातला मोबाइल, किल्ल्या आणि चुंबकाची पेटी लांब ठेवून.

त्याऐवजी ही चाचणी कार्डावर घ्या. मोटरी बंद, ड्रोन चालू. उड्डाणाच्या जागी जमिनीवर ठेवून स्क्रीनवरची दिशा वाचा. मग नाक न वळवता सरळ वर, छातीपर्यंत उचला. दिशा दहा अंशांहून जास्त सरकली तर खाली लोखंड आहे: काँक्रीटमधली सळई, गटाराचं झाकण, पुरलेला पाइप. काही मीटर सरका आणि पुन्हा बघा. गाडीचं टप, लोखंडी टेबल, गच्चीचा स्लॅब या जागा यातच नापास होतात. ॲप "कंपास बिघाड" म्हणालं तर पहिला उपाय जागा बदलणं, कॅलिब्रेट करणं नाही.

हे का महत्त्वाचं? ड्रोनला जागा जीपीएसवरून कळते, पण नाक कुठे आहे ते कंपासवरून. दिशाच चुकली की जागा सुधारण्यासाठी तो भलत्या बाजूला झुकतो, आणखी सरकतो, आणखी झुकतो. एका बिंदूभोवती वाढत जाणारे गोल दिसले तर कारण बहुधा हेच. तेव्हा जीपीएस नसलेल्या मोडवर जाऊन हाताने उतरवायचं. तो मोड कोणत्या स्विचवर आहे, आणि तुमच्या ड्रोनला आहे का, हे आधी माहीत हवं.

होम पॉइंट. उपग्रहांची संख्या दहाच्या वर जाऊ द्या, पण संख्येवर थांबू नका. नकाशा उघडा आणि घराची खूण तुमच्या पायाशी आहे का ते बघा. घाईने आधीच उडालात तर खूण हवेत, नंतर, भलत्या जागी नोंदली जाऊ शकते. उंच भिंतीला खेटून उभं राहू नका. सिग्नल भिंतीवर आपटून येतो आणि जागा कित्येक मीटर चुकते. परतीच्या वेळी तेवढं अंतर ड्रोन झाडात उतरवायला पुरेसं असतं.

परतीची उंची ही उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नाही. तुम्ही खोलगटात उभे आहात, मध्ये ६० मीटर उंच टेकाड आहे, त्यावर २० मीटरचं झाड आहे, तर ८० ला फांद्या लागतात. २० मीटर राखीव धरून १०० ठेवा. ॲपमधली कमाल उंचीची मर्यादा याहून कमी नाही ना तेही तिथेच बघा. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा १२० मीटर आहे. तिच्या आत हा हिशोब बसत नसेल तर उभं राहण्याची जागा बदला.

सिग्नल तुटल्यावर ड्रोनने काय करावं, ही सेटिंगही जागेवर अवलंबून आहे. मोकळ्यात घरवापसी योग्य. पुलाखाली, मोठ्या शेडमध्ये, दाट झाडीच्या छताखाली ती घातक, कारण घरी यायला तो आधी वर चढतो. तिथे थांबणं किंवा उतरणं निवडा. ही सेटिंग मागच्या कामाची तशीच राहते, म्हणून ओळ कार्डावर हवी. अडथळ्यांच्या सेन्सरवर भिस्त ठेवू नका. बारीक तारा त्यांना दिसत नाहीत, अंधारात कॅमेऱ्यावर चालणारे सेन्सर आंधळे होतात, आणि बऱ्याच ड्रोनवर स्पोर्ट मोडमध्ये ते बंदच असतात.

वाऱ्याचा हिशोब कोणी करत नाही, तो करून दाखवतो. मोकळ्या सपाट जागी १० मीटरवर वारा सेकंदाला ६ मीटर असेल तर १२० मीटरवर साधारण साडेआठ भरतो, आणि झोत त्याच्याही वर. डीजेआय मिनी ३ ची लिहिलेली मर्यादा सेकंदाला १०.७ मीटर आहे, म्हणजे खाली आल्हाददायक वाटणारी झुळूक वर मर्यादेच्या जवळ जाते. आता परतीचं बघा. ड्रोनचा हवेतला वेग १५ आणि वारा ८ असेल तर वाऱ्याबरोबर एक किलोमीटर जायला ४३ सेकंद लागतात, उलट यायला १४३. निम्मी बॅटरी जायला आणि निम्मी यायला हा हिशोब इथे मोडतो. कामाची सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे परतताना वारा पाठीशी असतो.

---

चारपाती

मनापासून आभार. घडीच्या ड्रोनसाठी दोन कार्डं लिहून काढली. बिनधास्त चुका काढा.

बॅटरी लावण्याआधी
हात उघडून लॉक: चारही
प्रॉप: खाच, मूळ, खुणा, ओढून
गिंबलचं (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाचं) कव्हर: हातात
कंपास कॅलिब्रेशन: झालं
तारा, झाडं, पक्षी: बोट दाखवून
माणसं: लांब
उतरण्याची दुसरी जागा: दाखवा

बॅटरी लावल्यावर
कडी: आवाज, फट, ओढ
सर्वांत कमी सेल: __
होम पॉइंट: नोंदला
उपग्रह: __
परतीची उंची: __ मीटर
सिग्नल तुटल्यास: __
फर्मवेअर (ड्रोनमधलं सॉफ्टवेअर): अद्ययावत
मोड: नॉर्मल

हेक्सासाठी वेगळं कार्ड करणार आहे. तिथे फेलसेफ (सिग्नल तुटला किंवा बॅटरी संपत आली की यंत्राने आपोआप करायची कृती) कसा तपासायचा? आणि दर उड्डाणाला तपासायचा का?

---

सहा_सेल

हेक्साबद्दल. फेलसेफची पूर्ण चाचणी दर उड्डाणाला नको. रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा ड्रोनवरचा भाग), रिमोटची सेटिंग किंवा पॅरामीटर (आर्डूपायलटमधली सेटिंग) यांना हात लागला की मात्र हवीच, आणि प्रॉप काढून. आर्म करा, थ्रॉटल (मोटरींचा जोर ठरवणारी स्टिक) थोडा वर घ्या, रिमोट बंद करा. ग्राउंड स्टेशनवर (जमिनीवरच्या नियंत्रण-स्क्रीनवर) फेलसेफचा संदेश आला पाहिजे आणि मोड आरटीएलवर, म्हणजे घरवापसीवर गेला पाहिजे. जीपीएस पकडलेला नसेल तर लँडवर, म्हणजे आहे तिथेच उतरण्यावर जातो. स्टॅबिलाइझ (हाताने उडवण्याच्या) मोडमध्ये थ्रॉटल तळाला ठेवून चाचणी केली तर तो नुसता डिसआर्म होतो (मोटरी बंद करतो) आणि चाचणी झाली असा गैरसमज होतो. म्हणून थ्रॉटल वर घ्यायचं सांगितलं.

इथला मुख्य सापळा रिसीव्हरमध्ये आहे. काही रिसीव्हर सिग्नल तुटल्यावर शेवटची स्थिती धरून ठेवतात. मग फ्लाइट कंट्रोलरला वाटतं पायलट स्टिक धरून आहे, आणि फेलसेफ सुरूच होत नाही. रिसीव्हर एक तर पल्स पूर्ण थांबवणारा हवा, किंवा थ्रॉटलचा पल्स ९७५ मायक्रोसेकंदांच्या खाली नेणारा, कारण आर्डूपायलटची मूळ सीमा ९७५ आहे. रोजचा तळाचा थ्रॉटल ११०० च्या आसपास ठेवा, म्हणजे मध्ये पुरेसं अंतर राहतं.

परतीची उंची इथे आणखी जपून बघा. आर्डूपायलटच्या कॉप्टर सॉफ्टवेअरच्या बऱ्याच आवृत्त्यांत हा पॅरामीटर सेंटिमीटरमध्ये आहे आणि मूळ मूल्य १५०० आहे, म्हणजे फक्त १५ मीटर. मध्यम झाडही त्याहून उंच असतं. "१०० मीटर हवेत" म्हणून १०० भरलं तर एक मीटर होतो. कार्डावर ओळ मीटरमध्ये नको, जो आकडा स्क्रीनवर दिसला पाहिजे तोच लिहा: १००००.

बॅटरी फेलसेफ सेलमागे ३.६ ला परत ये आणि ३.५ ला उतर असा लावतात. सहा सेलला २१.६ आणि २१.०. पण कंट्रोलर जो व्होल्टेज वाचतो तो खरा आहे का? महिन्यातून एकदा मल्टिमीटरशी ताडून बघा. पॅकवर ०.३ ची चूक म्हणजे सेलमागे ०.०५, आणि तळाशी तेवढ्यात बराच वेळ जातो.

प्रीआर्मचे (आर्म करण्याआधीच्या आपोआप तपासण्यांचे) संदेश त्रास देतात म्हणून आर्मिंगच्या तपासण्या बंद करू नका. कंपास जुळत नाही असं म्हणत असेल तर उंचसखल यांची उचलण्याची चाचणी करा आणि जीपीएसचा दांडा बघा. घडीचा दांडा लॉक झाला नसेल किंवा जीपीएसवरचा बाण पुढे नसेल तर तिथेच उत्तर मिळतं. बॅटरी लावताना यंत्र पूर्ण स्थिर हवं. जायरो (यंत्राचं फिरणं मोजणारा सेन्सर) त्याच क्षणी आपलं शून्य ठरवतो, धक्का लागला तर बॅटरी काढून पुन्हा लावा.

वायरिंगला हात लावला असेल तर प्रॉप काढून मोटर टेस्ट. मिशन प्लॅनर या ग्राउंड स्टेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये टेस्टचा क्रम ए, बी, सी असा पुढच्या मोटरीपासून घड्याळाच्या दिशेने जातो. मोटरींचे क्रमांक त्या क्रमाने नसतात. दोन्हींची गल्लत करून लोक बरोबर असलेली वायर उलटी लावतात.

उतरल्यावर लॉगमध्ये कंपन बघा. ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असेल तर निर्धास्त, वर गेलं तर प्रॉप, मोटर आणि कंट्रोलरखालचा फोम तपासा. ६० च्या वर गेलं तर त्रास जवळजवळ नक्की होतो. होव्हरमध्ये कानाला लागलेली शंका खरी होती का हे इथे कळतं.

---

मोजणीदार

कार्डं चांगली जमली आहेत. पाच दुरुस्त्या सुचवतो.

कंपासची ओळ पहिल्या कार्डातून काढा. ड्रोन चालू असल्याशिवाय दिशा दिसत नाही, आणि "झालं" हे उत्तरही नाही. दुसऱ्या कार्डात लिहा: "दिशा जमिनीवर __, छातीशी __".

उपग्रह आधी, होम पॉइंट नंतर. आणि "नोंदला" ऐवजी "खूण पायाशी", म्हणजे नकाशा उघडावाच लागेल.

फर्मवेअर आदल्या दिवशीच्या यादीत टाका. जागेवर अपडेट मागितलं तरी करायचं नाही. नवं फर्मवेअर कधी कधी सेटिंग मूळपदावर नेतं, म्हणून घरी अपडेट, मग परतीची उंची आणि सिग्नल तुटल्याची सेटिंग पुन्हा बघणं, मग कमी उंचीवर छोटं उड्डाण, हा क्रम ठेवा. हवाई क्षेत्राची परवानगी आणि तात्पुरते निर्बंध आदल्या दिवशी बघाल, पण निघताना पुन्हा एकदा बघा, ते रात्रीतून बदलू शकतात.

"माणसं लांब" ही ओळ दुसऱ्या कार्डाची अगदी शेवटची करा. जीपीएस पकडेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात, आणि पहिल्या कार्डाच्या वेळी रिकामी असलेली जागा तोवर रिकामी राहतेच असं नाही. निरीक्षकाने पूर्ण गोल फिरून बघायचं, "मोकळं" म्हणायचं, आणि त्याच श्वासात आर्म.

रिमोट आधी, ड्रोन नंतर, ही ओळ दुसऱ्या कार्डाच्या माथ्यावर घ्या. बंद करताना उलटं: ड्रोन आधी.

होव्हर लागतोच, आणि बॅटरी वाया जात नाही. डोळ्यांच्या उंचीवर, चार-पाच मीटर लांब, तीस सेकंद. पहिले दहा सेकंद स्टिकला हात न लावता फक्त बघा: सरकतोय का, गोल फिरतोय का, आवाजात घरघर आहे का. मग पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, नाक दोन्ही बाजूंना, वर-खाली, प्रत्येक थोडंच. पायलटने हालचाल बोलायची आणि निरीक्षकाने ती तशीच झाली का ते सांगायचं. रिमोटचा मोड बदललेला असेल, म्हणजे थ्रॉटल दुसऱ्या स्टिकवर गेला असेल, तर ते इथे दोन मीटरवर कळतं. शेवटी सेलचा व्होल्टेज वाचा, वायरमन यांनी दिलेल्या ३.७ शी ताडा, आणि मगच वर.

एक कार्ड मात्र तुमच्याकडे नाहीच: बॅटरी बदलतानाचं. दुसऱ्या उड्डाणाला लोक पूर्ण यादी करत नाहीत, आणि करायची गरजही नाही. पण बॅटरी काढली की होम पॉइंट पुसला जातो आणि नव्याने नोंदला जातो. दरम्यान तुम्ही दोनशे मीटर चालून गेला असाल तर परतीच्या उंचीचा हिशोबही जुना झाला. पाच ओळी पुरेत: कडी, सर्वांत कमी सेल, प्रॉप एक फेरी, खूण पायाशी, परतीची उंची. वारा पहिल्या उड्डाणात किती लागला ते सहावी ओळ म्हणून लिहून ठेवा. हेक्साच्या या कार्डावर मोटरींना हात लावणं आणि पॅक टेपच्या खुणेला लागला का, या दोन ओळी जास्तीच्या घ्या.